जेजुरीचा गड आणि त्याचे मानकरी

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर कऱ्हा नदीच्या खोऱ्यात जेजुरी वसली आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, डोंगर उघडेबोडके. शेतीपेक्षा मेंढपाळीला सोयीचा असा हा मुलूख. याच मुलखात खंडोबाचे सर्वांत मोठे क्षेत्र उभे राहिले. मल्हारी, मार्तंड भैरव, म्हाळसाकांत अशा नावांनी ओळखला जाणारा हा देव महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांचा कुलस्वामी आहे. धनगर, मराठा, रामोशी, कोळी, माळी, वाणी, देशस्थ ब्राह्मण, भटक्या जमाती अशा एरवी एका पंगतीला न बसणाऱ्या समाजांनी या एका देवाला आपले म्हटले. गडाचे दगड सरदारांनी आणि संस्थानिकांनी बसवले. गडावरचे विधी मात्र या समाजांना मिळालेल्या मानांवर आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जबाबदाऱ्यांवर उभे आहेत.

खंडोबाच्या उपासनेचा पसारा महाराष्ट्रापुरता नाही. कर्नाटकात तो मैलार आहे, तेलंगणात आणि आंध्रात मल्लण्णा. बाराव्या शतकातल्या कन्नड जैन वाङ्मयात मैलाराचा उल्लेख सापडतो, तर महानुभावांच्या ग्रंथांतून मैराळ भेटतो. बीदरजवळचे आदिमैलार, बळ्ळारी भागातले मैलार, देवरगुड्ड, मंगसुळी, नळदुर्ग-अणदूर, नांदेड जिल्ह्यातले माळेगाव, खेडजवळचे निमगाव दावडी, सातारा जिल्ह्यातली पाल अशी त्याची ठाणी दक्षिणोत्तर पसरली आहेत. मेंढरे घेऊन हिंडणारे धनगर, व्यापारासाठी फिरणारे लिंगायत वाणी आणि लढाईसाठी मुलूख ओलांडणारे शिपाई यांच्या वाटांवरच ही ठाणी आहेत. रा. चिं. ढेरे यांचे संशोधन आणि गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचे अनेक वर्षांचे काम यांतून या वाटांचा नकाशा स्पष्ट झाला.

देवाची अधिकृत कथा ‘मल्हारी माहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात आहे. सोळाव्या शतकात सिद्धपाल केसरी यांनी ती मराठीत आणली. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले, तेव्हा शंकराने मार्तंड भैरवाचे रूप घेतले, सात कोटी सैन्यासह चाल केली आणि मणिचूर्ण पर्वतावर दोघांचा वध केला, असे हा ग्रंथ सांगतो. मरताना मणी शरण आला. त्याला देवाजवळ स्थान मिळाले आणि मल्लाच्या नावावरून देव मल्हारी झाला. वधाचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी.

लोककथेला मात्र युद्धापेक्षा देवाच्या संसारात जास्त रस आहे. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक. तिचे लग्न पालीला लागले, आणि तिथे आजही पौष महिन्यात हा सोहळा होतो. पुढे सारीपाटाच्या डावात देव हरला, पणाप्रमाणे घर सोडून निघाला आणि मालेगावजवळच्या चंदनपुरीत बाणाई या धनगर मुलीकडे मेंढरे राखायला राहिला. नोकराच्या वेशात त्याने मेंढरे मारली, पुन्हा जिवंत केली आणि त्या बदल्यात बाणाईला मागणी घातली. तिला घेऊन तो जेजुरीला आला तेव्हा दोन्ही सवतींचे जे भांडण जुंपले, त्यावर वाघ्या-मुरळीची कितीतरी गाणी रचली गेली. फुलाई माळीण, रंभाई शिंपीण आणि चंदाई भागवीण याही देवाच्या बायका मानल्या जातात. चंदाई मुसलमान समजली जाते. देवाचा प्रधान हेगडी, तोही धनगर परंपरेशी जोडलेला. प्रत्येक समाजाने देवाशी अशी सोयरीक जोडली आणि त्या सोयरिकीच्या जोरावर देवळात आपला हक्क सांगितला.

कडेपठार आणि गडकोट

जेजुरीत खंडोबाची दोन देवळे आहेत. जुने स्थान उंच डोंगरावर, कडेपठारावर. तिथवरची चढण दमछाक करणारी असल्याने आजही तिकडे जाणारे भाविक तुलनेने कमी. वृद्ध भक्ताला डोंगर चढवेना, म्हणून देव त्याच्यासाठी खालच्या टेकडीवर उतरला, अशी कथा सांगतात. इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर मेंढपाळांच्या डोंगरावरचे ठाणे मागे पडून वस्ती आणि बाजारपेठेच्या जवळचे देऊळ वाढत गेले, असा हा क्रम आहे. खालच्या देवळालाच गडकोट किंवा नुसते ‘गड’ म्हणतात.

गडकोटाच्या बांधकामाचे टप्पे शिलालेखांतून आणि जुन्या नोंदींतून लावता येतात. राघो मंबाजी या मराठा सरदाराने १६३७ मध्ये सभामंडपाचे आणि आसपासचे काम केले. भोसले घराण्याशीही जेजुरीचे नाव जोडले जाते. दीर्घकाळ दूर राहिलेल्या शहाजीराजांची आणि शिवाजी महाराजांची भेट इथे झाली, अशी परंपरा आहे. औरंगजेबाच्या फौजेने गडावर हल्ला केला तेव्हा भिंतीतून भुंग्यांचे मोहोळ उठले आणि फौज पळाली, अशीही कथा गावात सांगितली जाते.

गडाला आजचे रूप मिळाले ते अठराव्या शतकात, होळकरांमुळे. मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, धनगर समाजातले. त्यांचे कुलदैवत खंडोबा आणि नावही देवाचेच. बाजीराव पेशव्यांच्या फौजेत चढत चढत ते माळव्याचे सुभेदार झाले आणि उत्तरेतल्या मोहिमांतून आलेला पैसा कुलदैवताच्या पायी वळला. १७४२ मध्ये मल्हाररावांनी दगडी खांबांचे काम करवले. पुढची तटबंदी आणि पायथ्याजवळचा तलाव तुकोजी होळकरांच्या काळात, १७७० च्या सुमारास पुरा झाला. १७६६ मध्ये मल्हारराव आलमपूरला वारले. त्यांच्या स्मरणार्थ अहिल्याबाईंनी जेजुरीत मल्हार गौतमेश्वराचे देऊळ बांधले. पेशव्यांनीही इथे तलाव बांधला. पाण्याचा तुटवडा असलेल्या या मुलखात यात्रेच्या गर्दीला पाणी पुरवणे हे देऊळ बांधण्याइतकेच निकडीचे होते. त्यामुळे जेजुरीच्या दानधर्मात तलावांना मोठे स्थान आहे.

गडाच्या पायऱ्यांना लोक ‘नऊ लाख पायरी’ म्हणतात. प्रत्यक्षात त्या चारशेच्या आत आहेत. वाटेवर ठिकठिकाणी कमानी आणि दगडी दीपमाळा आहेत. त्यांवर आणि पायऱ्यांवर बांधणाऱ्यांची नावे कोरलेली दिसतात. कुणी नवस फेडायला दीपमाळ उभारली, कुणी चार पायऱ्या घातल्या. राजेरजवाड्यांच्या दानाशेजारी साध्या कुटुंबांची अशी दाने बसलेली आहेत. चढणीच्या मध्यावर बाणाईचे देऊळ लागते. म्हाळसा वर देवाशेजारी आणि बाणाई अर्ध्या वाटेवर, अशी ही मांडणी. सवतींच्या भांडणानंतर देवाने दोघींना वेगळे ठेवले, असे त्याचे कारण सांगतात. हेगडी प्रधानाचे ठाणेही याच वाटेवर आहे. खाली न थांबता थेट वर जाऊ नये, आधी प्रधानाला आणि बाणाईला भेटावे, असा जुन्या लोकांचा दंडक.

वर नगारखान्याच्या दरवाजातून आत गेले की तटाला लागून ओवऱ्या आणि मधोमध पूर्वाभिमुख देऊळ दिसते. समोर पितळी पत्र्याने मढवलेले प्रचंड कासव आहे. तळी भरणे, भंडारा उधळणे, नवविवाहितांनी देवाला नमस्कार करणे हे सगळे या कासवावर चालते. गाभाऱ्यात खंडोबा आणि म्हाळसा यांची स्वयंभू लिंगे आणि त्यांच्यामागे वेगवेगळ्या काळात अर्पण झालेल्या मूर्तींच्या जोड्या आहेत. पूजेअर्चेचे मुख्य काम गुरवांकडे. वाद्ये, पालखी, दिवट्या, राखण अशी बाकीची कामे इतर समाजांच्या मानकऱ्यांकडे वाटलेली. देवाच्या घोड्याची निगा परंपरेने एका मुसलमान घराण्याकडे असे. मल्लूखान हे देवाचे नाव मुसलमान भक्तांत रूढ होते.

भंडारा, तळी आणि जागरण

हळदीची पूड म्हणजे भंडारा, हे खंडोबाच्या उपासनेचे सर्वांत ठळक चिन्ह. देवाला तो वाहतात, कपाळाला लावतात आणि मुठी भरभरून उधळतात. त्याच्याबरोबर खोबऱ्याचे तुकडे उधळले जातात. यात्रेच्या दिवशी पायऱ्या, भिंती, माणसांचे कपडे आणि केस पिवळेधमक होतात. सोन्याची जेजुरी हे नाव त्यावरूनच पडले.

तळी उचलणे हा घरीही आणि गडावरही होणारा कुलाचार. ताम्हनात किंवा ताटात विड्याची पाने, सुपारी, खोबऱ्याची वाटी, पैसा आणि भंडारा ठेवतात. शेजारी दिवटी पेटवलेली असते, तिला तेल घालायची बुधली हाताशी असते. पाच जण उकिडवे बसून ताटाला हात लावतात, ‘सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार’ असा गजर करत ताट तीनदा वर उचलतात आणि खाली टेकवतात. मग भंडारा एकमेकांच्या कपाळी लावून खोबरे वाटतात. या विधीला भटजी लागत नाही, मंत्रही लागत नाहीत. घरातला कर्ता आणि चार भाऊबंद जमले की तळी होते. कुलाचार गरिबाघरीही टिकून राहिला, त्याचे हे एक कारण.

लग्नानंतर किंवा नवस फेडण्यासाठी जागरण घालतात. उसाच्या किंवा ज्वारीच्या धाटांचा मांडव करून धान्याचा चौक भरतात, घट बसवतात आणि रात्रभर वाघ्या-मुरळी देवाची कथा गातात. वाघ्याच्या हाती दिमडी आणि तुणतुणे, मुरळीच्या हाती घाटी. गळ्यात कवड्यांचा गाठा, खांद्याला भंडाऱ्याची पिशवी, जवळ भिक्षेचा लाकडी कोटंबा. वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा मानतो. कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्यासारखे भुंकत तोंडानेच खाण्याची रीत होती. घरापुरता कुलाचार सांभाळणारा तो घरवाघ्या आणि दारोदार भिक्षा मागणारा तो दारवाघ्या. जागरणात बाणाईच्या लग्नाची कथा सर्वांत रंगते आणि शेवटी लोखंडी साखळी ओढून तोडण्याचा ‘लंगर’ होतो. या लोकरूपाचे आकर्षण संतकवींनाही होते. एकनाथांच्या भारुडांत वाघ्या आणि मुरळी अध्यात्माचे रूपक होऊन येतात.

वर्षभराच्या यात्रा

जेजुरीचे वर्ष अमावास्या-पौर्णिमांनी बांधलेले आहे. चैत्र, पौष आणि माघ या पौर्णिमा, सोमवती अमावास्या, चंपाषष्ठी आणि दसरा हे मोठे दिवस. प्रत्येक यात्रेला वेगळ्या समाजाचा जोर असतो.

सोमवारी अमावास्या आली की सोमवती भरते. वर्षातून साधारण दोन-तीनदा हा योग येतो. दुपारी ‘पेशवे’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या इनामदार मानकऱ्यांनी आज्ञा केली की खांदेकरी पालखी उचलतात, बंदुकीच्या फैरींची सलामी होते आणि भंडाऱ्याच्या पिवळ्या धुराळ्यात पालखी पायऱ्या उतरू लागते. गावातून ती कऱ्हेकाठी जाते. तिथे उत्सवमूर्तींना दही-दुधाचे आणि नदीच्या पाण्याचे स्नान घालतात. त्याच पाण्यात हजारो भाविक उतरतात. पालखी गडावर परतल्यावर मानकऱ्यांना ‘रोजमुरा’ म्हणून ज्वारी वाटली जाते. पूर्वीच्या सैन्यात रोजच्या शिध्याला आणि पगाराला जो शब्द होता, तोच देवाच्या चाकरीला लागला आहे.

दसऱ्याची रात्र दोन देवळांची. गडकोटाच्या आणि कडेपठाराच्या पालख्या सीमोल्लंघनाला निघतात आणि डोंगरांमधल्या दरीत, रमण्यात मध्यरात्रीनंतर त्यांची भेट होते. दारूकामाच्या उजेडात आणि ढोलांच्या गजरात ही भेट झाली की पालख्या आपापल्या देवळाकडे वळतात. पहाटे पालखी परतल्यावर गडावर खंडा उचलण्याची स्पर्धा होते. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी अर्पण केलेली ही तलवार सुमारे ४२ किलो वजनाची आहे. गावातले गडी ती एका हाताने जास्तीत जास्त वेळ तोलून धरतात, कुणी दातांत मुठीला धरून कसरत करतो.

मार्गशीर्षात प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत देवाचे षड्‌रात्र असते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा चंपाषष्ठीला पुन्हा ताटात येतात. देवाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत हा दिवस जेजुरीला न जाता तळी उचलून आणि भरीत-रोडग्यावरच साजरा होतो.

माघ पौर्णिमा कोकणातल्या कोळ्यांची आणि शिखरी काठ्यांची. अलिबाग-मुंबईकडचे कोळी आपले देव पालखीत घालून भेटीला आणतात, आणि बायका पारंपरिक लुगड्यांत नाचत गड चढतात. संगमनेरची होलम काठी आणि सुप्याची खैरे काठी यांना विशेष मान आहे. रंगीत कापडाने सजवलेल्या या उंच काठ्या पायऱ्यांवरून तोलत वर नेतात आणि देवळाच्या शिखराला टेकवतात. कुणाची काठी आधी टेकायची यावरून पूर्वी वाद होत. क्रम ठरवून दिल्यावर ते मिटले.

पौष पौर्णिमा भटक्या समाजांची. त्या वेळी बंगाली पटांगणात गाढवांचा बाजार भरतो. वैदू, कैकाडी, वडार, बेलदार, कुंभार, परीट या समाजांचे लोक राज्यभरातून येतात, आणि गुजरातेतून काठेवाडी जातीची गाढवे विक्रीला येतात. गाढवाची पारख दातांवरून. दोन दातांचा दुवान, चार दातांचा चौवान, आणि पुऱ्या दातांचा अखंड जवान. काठेवाडी जनावर अंगाने मोठे आणि रंगाने पांढरट असल्याने त्याला गावठीपेक्षा जास्त भाव मिळतो. विटा, वाळू आणि माती वाहण्याची कामे ट्रॅक्टरकडे गेल्यापासून बाजार आटला आहे, तरी सौदा देवाच्या साक्षीने करायचा म्हणून लोक येतात. एके काळी इथेच सोयरिकी ठरत, जातपंचायती बसत आणि वर्षभराची भांडणे मिटवली जात. वर्षभर पांगलेल्या माणसांना एकत्र येण्यासाठी ही ठरलेली तारीख आणि ठरलेली जागा होती.

आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी सासवडहून वाल्ह्याला जाताना जेजुरीत मुक्काम करते. वैष्णवांच्या दिंड्यांवर शैव दैवताचा भंडारा उधळला जातो. वारकरी माळकरी असले, तरी घरचा कुलस्वामी बहुतेकांचा खंडोबाच.

सुधारणा, कायदे आणि आजची जेजुरी

जेजुरीच्या परंपरांत क्रूर रूढीही होत्या. पाठीत आकडे टोचून माणसाला बगाडाला टांगण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज सरकारने बंद केली. मुरळीची प्रथा अधिक खोल रुजली होती. मूल होत नसले किंवा दुखणे हटत नसले, की होणारी मुलगी देवाला सोडण्याचा नवस बोलला जाई. लहानपणीच त्या मुलीचे खंडोबाशी लग्न लावत. पुढे तिला माणसाशी लग्न करता येत नसे. या मुली मुख्यतः दलित आणि गरीब घरांतल्या. भिक्षा, नाच आणि लैंगिक शोषण हेच बहुतेकींच्या वाट्याला येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या आपल्या पत्रातून मुरळी सोडण्याविरुद्ध मोहीम चालवली आणि मुरळ्यांची लग्ने लावून देण्यास पुढाकार घेतला. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही जेजुरीतल्या परिस्थितीची पाहणी करून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी समर्पण प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. आजच्या जागरणात गाणारी मुरळी ही बहुधा देवाला सोडलेली नसते. ती कलावंत म्हणून पार्टीत काम करते.

इंग्रजी अमलात गडाचा संबंध बंडाशीही आला. पुरंदर किल्ल्याची राखण परंपरेने रामोशांकडे होती. ती त्यांच्या हातून गेल्यावर भिवडीचे उमाजी नाईक उभे राहिले. खंडोबाचे निस्सीम भक्त असलेल्या उमाजींनी याच डोंगरांच्या आश्रयाने इंग्रजांशी लढा दिला. १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त, १८७३ साली, खंडोबाला बळीच्या राज्यातला अधिकारी ठरवून या देवाचा शेतकरी-पशुपालकांच्या बाजूने अर्थ लावला. त्यानंतर शंभर वर्षांनी अरुण कोलटकरांनी इंग्रजीत ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह लिहिला. १९७६ मध्ये तो निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मोडकी दारे, भटके कुत्रे, पुजाऱ्याची चिकाटी आणि दगडातला देव यांकडे श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्या मधल्या जागेवरून पाहणाऱ्या या कवितांनी जेजुरी जगभरच्या वाचकांना माहीत झाली. २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘जय मल्हार’ ही मालिका सुरू झाली आणि गडावर येणाऱ्या तरुणांची संख्या वाढली.

देवळाचा कारभार आता श्री मार्तंड देवसंस्थान या सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्थानक आणि पालखी महामार्ग यांमुळे येणे सोपे झाले. कऱ्हेवर नाझरे धरण, म्हणजे मल्हारसागर झाला आणि पाण्याची जुनी अडचण कमी झाली, तरी दुष्काळी वर्षांत नदीचे पात्र कोरडे राहते. भंडाऱ्यात हळदीऐवजी भेसळीची पिवळी पूड विकली जाते, ही तक्रार अलीकडे वारंवार होते. अशा पुडीने भाविकांच्या डोळ्यांना आणि त्वचेला त्रास होतो, शिवाय जुन्या दगडांनाही ती मारक ठरते. पायऱ्या, दीपमाळा आणि तट यांच्या जतनाचे काम शासनाच्या विकास आराखड्यातून हाती घेतले गेले आहे.

बगाड आणि मुरळी सोडणे या प्रथा कायद्याने आणि चळवळीने संपवल्या. गाढवांचा बाजार यंत्रांनी ओसरवला. खांदेकऱ्यांचा खांदा, काठ्यांचा क्रम, पेशव्यांची आज्ञा, रोजमुरा आणि घराघरातली तळी या गोष्टी टिकल्या, कारण त्या कुणा एका सत्तेच्या हातात नव्हत्या. ज्या घराण्यांकडे आणि समाजांकडे त्यांचा मान होता, ती आजही ठरल्या तिथीला गडावर हजर होतात.